काचेवरचा चरा



इंदूरहून देवासकडे जाताना टेकड्यांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. त्यांची पाती कशाची बनवतात, असे आम्ही वर्गात विचारले की बहुतेक मुले लोखंड म्हणतात, काही ॲल्युमिनियम म्हणतात. खरे उत्तर आहे काच. केसाहून बारीक असे काचेचे असंख्य धागे रेझिनमध्ये बसवून ही पाती तयार होतात. हातातून सुटली की फुटणारी काच उन्हापावसात आणि वाऱ्यात वीस-वीस वर्षे कशी टिकते? या प्रश्नाच्या मुळाशी जे वैज्ञानिक पोहोचले, त्या ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ यांचा परिचय या अंकात करून देत आहोत.

ग्रिफिथ यांचा जन्म १३ जून १८९३ रोजी लंडनमध्ये झाला. वडील जॉर्ज ग्रिफिथ काही काळ शाळामास्तर होते, पुढे लेखक झाले. मुलगा जन्मला त्याच वर्षी त्यांची आकाशातून लढणाऱ्या जहाजांची कादंबरी गाजली. तेव्हा विमानाचा शोधही लागलेला नव्हता! १९०६ मध्ये वडील वारले. मुलगा त्या वेळी जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. आइल ऑफ मॅन या बेटावर त्याचे शालेय शिक्षण झाले आणि १९१४ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातून तो यांत्रिक अभियांत्रिकीत प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाला. पुढच्याच वर्षी फार्नबरो येथील सरकारी विमान कारखान्यात त्याला काम मिळाले. पहिले महायुद्ध चालू होते.

तेथे त्यांनी जी. आय. टेलर यांच्यासह एक मजेदार प्रयोग केला. यंत्राच्या भागाच्या आकाराचे भोक पत्र्यात पाडायचे, त्यावर साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा धरायचा आणि तो किंचित फुगवायचा. पडद्याचा उतार जेथे जास्त, तेथे पिळ बसल्यावर त्या भागात ताण जास्त. कागदावर किचकट ठरणारे गणित साबणाच्या फुग्याने सोडवले! सहकारी त्यांना फुगेवाला ग्रिफिथ म्हणून चिडवू लागले.

फार्नबरोच्या अभियंत्यांना एक कोडे सतावत होते. धातूच्या भागावर बारीकसा चरा असला तरी तो भाग अपेक्षेपेक्षा फार लवकर तुटे. ग्रिफिथ यांनी हे कोडे सोडवण्यासाठी धातूऐवजी काच निवडली, कारण काच वाकत नाही, सरळ तुटते. तिच्या कणांमधले आकर्षण पाहता ती पोलादाहून बळकट असायला हवी होती. प्रत्यक्षात ती फारच कमी ओझ्याला तुटत होती.

ग्रिफिथ यांनी अनुमान काढले, की काचेच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात आणि साऱ्या दुबळेपणाचे कारण त्या भेगा आहेत. कापडाचा दुकानदार काय करतो ते आठवा. तो कात्रीने काठाला छोटीशी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन कापड फाडतो. न कापलेले तेच कापड कोणालाही फाडता येत नाही. काचवालाही हिऱ्याच्या कणीने नुसती रेघ मारतो आणि काच त्या रेघेवर मोडते. ताणलेल्या वस्तूत ऊर्जा साठलेली असते. भेग वाढली की त्यातली काही मोकळी होते, पण भेगेचे दोन नवे पृष्ठभाग तयार करायलाही ऊर्जा लागते. मोकळी होणारी ऊर्जा या खर्चाला पुरली, की भेग स्वतःहून धावत सुटते. भेग जितकी मोठी, तितक्या कमी ताणात हे घडते.

अनुमान पडताळण्यासाठी त्यांनी काचेच्या नळ्यांना आणि गोळ्यांना मुद्दाम भेगा पाडल्या व आतून दाब देऊन त्या फोडल्या. मग काच वितळवून तिचे बारीक-बारीक धागे ओढले. सुमारे १ मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मिलिमीटरला साडेसतरा किलोच्या आसपास भार सोसून तुटली. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सव्वातीनपट जाडीच्या धाग्याने मात्र त्याच हिशेबाने ३४० किलोहून अधिक भार पेलला. जवळजवळ वीस पट! धागा जितका बारीक, तितकी त्यात मोठ्या भेगेला जागा कमी. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. ताजा ओढलेला धागा सर्वांत बळकट असतो आणि काही तासांतच त्याचे बळ उतरते. हे शोधपत्र १९२१ मध्ये रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केले.

पण हे काम फार पुढे गेले नाही. असे सांगतात, की एका संध्याकाळी त्यांचे सहकारी बेन लॉकस्पायझर काच वितळवण्याची गॅसची बत्ती बंद करायला विसरले आणि आग लागली. चौकशीनंतर काचेचा नाद सोडण्याचा हुकूम झाला. ग्रिफिथ इंजिनांकडे वळले. हेच लॉकस्पायझर पुढे सर्न या जगप्रसिद्ध संस्थेच्या परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. शोधपत्र मात्र कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिले. दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंगने जोडलेली जहाजे अचानक दुभंगू लागली, तेव्हा अभियंत्यांना त्याचे मोल कळले.

इंजिनांतही ग्रिफिथ यांनी मोठे काम केले. टर्बाइनची पाती विमानाच्या पंखाच्या आकाराची हवीत, हे त्यांनी १९२६ मध्ये दाखवले. १९३९ मध्ये ते रोल्स रॉईसमध्ये गेले. तेथील एव्हन इंजिनाच्या मूळ आराखड्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९७१ च्या युद्धात लोंगेवालाच्या वाळवंटात आपल्या वायुसेनेची जी हंटर विमाने लढली, त्यांत हेच इंजिन होते.

त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मात्र आम्हांला टोचते. १९२९ च्या अखेरीस फ्रँक व्हिटल नावाचा बावीस वर्षांचा वायुसैनिक जेट इंजिनाची कल्पना घेऊन आला. ती तपासायला ग्रिफिथ यांच्याकडे गेली. त्यांना गणितात एक चूक सापडली आणि त्यांनी कल्पना अव्यवहार्य ठरवली. चूक खरी होती, पण कल्पनाही खरी होती. सरकारी मदत न मिळालेल्या व्हिटलला १९३५ मध्ये पेटंट चालू ठेवण्याची पाच पौंडांची फीसुद्धा भरता आली नाही. तरीही त्याने जिद्द सोडली नाही आणि १९४१ मध्ये त्याच्या इंजिनावर ब्रिटनचे पहिले जेट विमान उडाले.

ग्रिफिथ १९६३ मध्ये वारले. त्यांच्या शोधाची खूण आज प्रत्येक पवनचक्कीत आहे. पाते दुप्पट लांब केले तर ते चौपट वारा पकडते, पण वजन आठपटीच्या जवळ जाते. समुद्रातल्या पवनचक्क्यांची पाती आता १०० मीटरहून लांब झाली आहेत. म्हणून हलकी, बळकट आणि कमी वाकणारी काच शोधणे चालू आहे. ॲल्युमिना व मॅग्नेशिया वाढवून तशी काच करतात. कारखान्यात वितळलेली काच बारीक छिद्रांतून ओढली जाते आणि धागा बाहेर येताच, एकमेकांवर घासून चरा पडण्याआधी, त्यावर संरक्षक लेप चढवतात. शिवाय धागे वेगवेगळे असल्याने एक तुटला तरी भेग दुसऱ्यात सहज धावत नाही.

मित्रांनो, घरी एक प्रयोग करा. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीच्या काठाला नखाएवढी चीर द्या आणि दोन्ही ओढून पाहा. काय दिसले ते वहीत लिहून आणा.

आणि आम्ही शिक्षकांनी काय करावे? वहीतली चूक दाखवणे आमचे कर्तव्य आहे, ते आम्ही सोडणार नाही. पण लाल शाईची रेघ ओढताना आता व्हिटल आठवतो. चुकीच्या शेजारी काही नवे लिहिलेले असेल, तर तेही आम्ही वाचू.