ग्राबेन : एक शब्द, दोन अर्थ (एडुआर्ड झ्यूस यांचा परिचय)

खचदरीची व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात. पण ती दरी कोणी खणली असं विचारलं, की बरीच मुलं नदीचं नाव घेतात. हा गोंधळ दूर करायला भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांचं चरित्र उपयोगी पडतं.

झ्यूस यांचा जन्म २० ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये झाला. बालपण प्राग व व्हिएन्ना इथे गेलं. डॉक्टरेट नसतानाही ते तरुण वयातच व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक झाले.

तेव्हा व्हिएन्नातल्या विहिरींचं पाणी दूषित होतं. विषमज्वराने माणसं दगावत. झ्यूस यांनी शहराखालच्या जमिनीचा अभ्यास करून १८६२ साली पुस्तक लिहिलं. पुढे नगरपरिषदेत जाऊन, आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी शहरात आणावं असा आग्रह धरला. खर्च प्रचंड, विरोधही झाला; पण ते मागे हटले नाहीत. अखेर २४ ऑक्टोबर १८७३ रोजी ९० किमीहून लांबून, पंपाशिवाय, केवळ उतारावरून वाहत ते पाणी शहरात पोहोचलं. विषमज्वराचे बळी खूप कमी झाले.

आता शब्दाकडे वळू. जर्मन भाषेत ग्राबेन म्हणजे खणणे, आणि खणलेला चर किंवा खंदकही. अभियंत्याचा ग्राबेन हाच. व्हिएन्नातला ग्राबेन नावाचा प्रसिद्ध रस्ता जुना रोमन खंदक बुजवूनच झाला आहे.

भूशास्त्रातला ग्राबेन मात्र कोणी खणत नाही. जमिनीला दोन समांतर भेगा पडतात आणि मधला भाग खाली खचतो. तीच खचदरी. बाजूचा उंच राहिलेला भाग म्हणजे होर्स्ट, आपला गट पर्वत. झ्यूस यांनी हे शब्द आपल्या लेखनातून शास्त्रात रुळवले. ऱ्हाइन नदी अशाच ग्राबेनमधून वाहते. म्हणजे आधी दरी, मग नदी!

गोंडवानालँड हे प्राचीन भूखंडाचं नावही त्यांचंच, आपल्या गोंडवन प्रदेशावरून दिलेलं. चंद्रपूरचा कोळसा सापडतो तो गोंडवाना काळातल्या खडकांत, आणि तेही प्राणहिता-गोदावरीच्या खचलेल्या पट्ट्यात.

२६ एप्रिल १९१४ रोजी झ्यूस यांचं निधन झालं.

वर्गात तीन वह्या उभ्या धरून शेजारी शेजारी दाबा आणि मधली हळूच खाली सरकवा. मग मुलांना विचारा, ही दरी कोणी खणली?