चाकाच्या खुर्चीतल्या डॉक्टर : मेरी वर्गीस

डॉ. मेरी वर्गीस यांचा जन्म १९२५ साली कोचीनजवळच्या चेराई गावी झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकून त्या डॉक्टर झाल्या. पुढे स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात काम करायचे त्यांच्या मनात होते. पण जानेवारी १९५४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर सहलीला जात असताना त्यांची गाडी उलटली. चेहऱ्याला मोठी जखम झाली आणि मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती.

त्या काळी आपल्या देशात अशा रुग्णाचे पुढे फारसे काही होत नसे. पायांना संवेदना नसल्याने पडून पडून जखमा होत, लघवीचा संसर्ग होई. जो यातून वाचे, तो घराच्या एका खोलीत उरलेले दिवस काढी. मेरीताई स्वतः डॉक्टर असल्याने हे सारे त्यांना ठाऊक होते. अनेक महिने त्या बिछान्याला खिळून होत्या आणि मनाने पार खचल्या होत्या.

तेव्हा त्यांच्यापुढे एक वेगळाच विचार आला तो शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांच्याकडून. कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने पुन्हा कामाला लावण्याचे काम ते वेल्लोरमध्ये करीत होते. हाताची शस्त्रक्रिया बसूनही करता येते. त्यासाठी पाय लागत नाहीत, लागतात ते स्थिर हात आणि डोळे. मेरीताईंकडे ते दोन्ही होते. त्या चाकाच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करू लागल्या. जिच्या पायांत बळ नव्हते, तिने कितीतरी जणांच्या बोटांना बळ दिले. डॉक्टरच खुर्चीत बसलेली पाहून रुग्णांनाही धीर येत असे.

पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे त्या स्वतः पुनर्वसनाचे उपचार घ्यायला गेल्या. खुर्चीवरून बिछान्यावर कसे जायचे, स्वतःची कामे स्वतः कशी करायची, हे तिथे शिकल्या. त्यानंतर न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत त्यांनी याच शास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. परदेशात राहणे त्यांना अधिक सोयीचे गेले असते.  पण त्या वेल्लोरला परतल्या, पुनर्वसन विभागाची धुरा घेतली आणि १९६६ साली तिथे पुनर्वसन संस्था सुरू झाली. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

मज्जारज्जूची इजा बरी होत नाही, हे त्यांच्या कामाचे गृहीतच होते. म्हणून प्रश्न होता तो घरी गेल्यावर माणूस कसा जगेल, याचा. बिछान्यावर कूस कशी बदलायची, त्वचा कशी तपासायची, घरच्यांनी किती हात द्यायचा आणि कुठे थांबायचे, पोटापाण्याचे काय, हे सारे उपचारातच धरावे लागते. गावातले दार अरुंद असेल, तर खुर्ची घेऊन घरी गेलेला माणूस उंबऱ्यापाशीच अडतो.

आपल्या मंडळातल्या कित्येक घरांना हे नवे नाही. पक्षाघात, अपघात, मधुमेहाने गमावलेला पाय, अशा दुखण्यानंतर कुणीतरी घरी येते. पहिले काही दिवस भेटायला रीघ लागते. मग हळूहळू त्या माणसाला गणेशोत्सवाचे बोलावणेही घरच्यांमार्फत जाऊ लागते. मेरीताईंना ब्रँड यांनी सहानुभूतीसोबत काम दिले, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी एक उतार आणि कोपऱ्यापेक्षा पुढच्या रांगेत खुर्चीपुरती मोकळी जागा, एवढी सोय आपल्याला करता येईल. आणि हिशेब, निमंत्रणपत्रिका, मुलांचे पाठांतर, ग्रंथालयाच्या नोंदी यांतले एखादे काम त्या माणसाच्या नावावर लिहिता येईल. ही सारी कामे बसूनच होतात.