वयोमर्यादेपलीकडची अ‍ॅडमिरल

बोस्टन बंदरात १४ ऑगस्ट १९८६ रोजी एक आगळा निवृत्ती समारंभ झाला. समारंभ होता तो १७९७ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी नौदलाच्या सर्वांत जुन्या युद्धनौकेवर. निवृत्त होत होत्या रिअर अ‍ॅडमिरल ग्रेस हॉपर, त्या वेळी नौदलाच्या सक्रिय सेवेत असलेल्या सर्वांत वयोवृद्ध अधिकारी. त्यांचे वय होते ७९ वर्षे आणि आठ महिने. ज्या नौदलाने चार दशकांपूर्वी वय अधिक असल्याचे सांगून त्यांना दारातूनच परत पाठवले होते, त्याच नौदलाचा त्या दिवशी त्यांनी निरोप घेतला.

संगणकशास्त्राच्या इतिहासात हॉपर यांचे नाव आदराने घेतले जाते. तथापि, त्यांच्या आयुष्याला आणखी एक धागा आहे आणि तो आहे वयोमर्यादेशी त्यांनी दिलेल्या दीर्घ झुंजीचा.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यू यॉर्कमध्ये झाला. घड्याळाचा गजर कसा वाजतो हे पाहण्यासाठी सातव्या वर्षी त्यांनी घरातील सात घड्याळे एकामागून एक खोलून ठेवली. तेव्हा आईने त्यांना यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करण्याची परवानगी दिली. वडील विमा व्यवसायात होते. आजारपणामुळे त्यांना पाय गमवावे लागले होते. मुलींनी मुलांइतकेच शिकावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. पणजोबा अमेरिकी नौदलात रिअर अ‍ॅडमिरल होते. त्यामुळे समुद्राची आणि गणवेशाची ओढ घरातच होती, मात्र त्या काळी मुलीला तो मार्ग खुला नव्हता.

लॅटिनच्या परीक्षेतील अपयशामुळे व्हॅसर महाविद्यालयातील त्यांचा प्रवेश एक वर्ष लांबला. पुढे गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या १९२८ मध्ये पदवीधर झाल्या. येल विद्यापीठातून १९३४ मध्ये त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. दरम्यान, १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९३१ पासून त्या व्हॅसरमध्येच शिकवू लागल्या. स्थिर नोकरी, मानाचे पद, विद्यार्थिनींचे प्रेम असे सारे काही जुळून आले होते.

जपानने ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यानंतर दोनच दिवसांनी हॉपर यांनी वयाची पस्तिशी गाठली. पुढील वर्षी नौदलाच्या राखीव दलात महिलांसाठी स्वतंत्र शाखा सुरू झाली आणि हॉपर यांनी त्यात जाण्याचा निश्चय केला. मात्र, त्यांच्या वाटेत तीन अडथळे उभे राहिले. वय जास्त होते. उंचीच्या मानाने वजन नियमापेक्षा पंधरा पौंडांनी कमी होते. शिवाय गणिताचे अध्यापन हेच युद्धकाळात मोलाचे काम असल्याने त्यांनी वर्गातच राहावे, असे सरकारी धोरण होते.

हॉपर यांनी हा नकार अंतिम मानला नाही. त्यांनी वजनाबाबत सवलत मिळवली, महाविद्यालयातून रजा घेतली आणि चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर डिसेंबर १९४३ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, त्यांनी राखीव दलात शपथ घेतली. स्मिथ महाविद्यालयात भरणाऱ्या प्रशिक्षण वर्गात वयाने कितीतरी लहान तरुणींबरोबर त्यांनी कवायत केली, आज्ञा पाळण्याचे आणि देण्याचे धडे गिरवले. जून १९४४ मध्ये तुकडीत पहिला क्रमांक मिळवून त्या लेफ्टनंट (ज्युनिअर ग्रेड) झाल्या.

त्यांची नेमणूक एखाद्या जहाजावर न होता हार्वर्ड विद्यापीठात झाली. तेथे हॉवर्ड एकेन यांच्या देखरेखीखाली ‘मार्क वन’ हे ५१ फूट लांबीचे, आठ फूट उंचीचे अवाढव्य गणकयंत्र नौदलासाठी आकडेमोड करीत होते. हॉपर यांनी असे यंत्र पूर्वी कधी पाहिलेही नव्हते, तरी पहिल्याच दिवशी एकेन यांनी त्यांच्यावर एक किचकट गणित सोपवले. त्या या यंत्राच्या अगदी पहिल्या प्रोग्रॅमरपैकी एक ठरल्या आणि पाचशेहून अधिक पानांची त्याची माहितीपुस्तिकाही त्यांनीच सिद्ध केली. पुढच्या ‘मार्क टू’ यंत्राच्या एका रिलेमध्ये १९४७ साली एक पतंग अडकलेला सापडला. ‘बग’ हा शब्द हॉपर यांनी रूढ केला, अशी आख्यायिका त्या घटनेवरून पसरली. प्रत्यक्षात यंत्रातील दोषासाठी तो शब्द एकोणिसाव्या शतकापासून वापरात होता, हॉपर यांनी ती गोष्ट पुढे अनेकदा रंगवून सांगितली इतकेच.

युद्ध संपले आणि वयाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. नियमित नौदलात सामावून घ्यावे ही त्यांची विनंती वय उलटल्याच्या कारणावरून फेटाळली गेली. त्याच सुमारास विवाहही संपुष्टात आला. व्हॅसरने देऊ केलेले प्राध्यापकपद नाकारून त्या हार्वर्डमध्ये कंत्राटी कामावर राहिल्या. राखीव दलातील गणवेश मात्र त्यांनी सोडला नाही. हा काळ त्यांना जड गेला. मद्याच्या व्यसनानेही त्यांना ग्रासले होते. त्यातून सावरत १९४९ मध्ये त्या ‘युनिव्हॅक’ संगणक घडविणाऱ्या कंपनीत दाखल झाल्या.

पुढची कामगिरी सर्वज्ञात आहे. माणसाने लिहिलेल्या सूचनांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर यंत्रानेच करावे, ही त्यांची कल्पना तेव्हा अनेकांना वेडगळ वाटली होती. १९५२ च्या सुमारास त्यांनी ‘ए-झिरो’ हा कंपायलर तयार केला. त्यानंतर इंग्रजी शब्दांवर आधारित ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा आली आणि तिच्याच पायावर १९५९ मध्ये एका समितीने ‘कोबॉल’ची आखणी सुरू केली. हॉपर त्या कामात तांत्रिक सल्लागार होत्या. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांचे व्यवहार या भाषेवर चालू लागले. विसावे शतक संपताना ‘वायटूके’च्या कामाने मुंबई-पुण्यातील अनेक तरुणांना परदेशाची वाट दाखवली, तेव्हा त्यांच्या पडद्यावर हीच भाषा होती.

राखीव दलातून १९६६ च्या अखेरीस त्यांना निवृत्त करण्यात आले. तेव्हा त्या साठ वर्षांच्या होत्या आणि कमांडर या हुद्द्यावर पोहोचल्या होत्या. तो दिवस आयुष्यातील सर्वांत दुःखाचा असल्याचे त्या सांगत. परंतु अवघ्या सात महिन्यांत नौदलालाच त्यांची गरज भासली. निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर कोबॉलची निरनिराळी रूपे चालत होती आणि एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेलच याची शाश्वती नव्हती. हा गोंधळ निस्तरण्यासाठी ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांकरिता परत बोलावण्यात आले. ते सहा महिने लांबत गेले. १९७१ मध्ये त्या पुन्हा निवृत्त झाल्या, १९७२ मध्ये पुन्हा रुजू झाल्या आणि १९७३ मध्ये कॅप्टन झाल्या. निवृत्तीचे वय केव्हाच मागे पडले होते, तरीही अमेरिकी काँग्रेसच्या विशेष मंजुरीने त्या सेवेत राहिल्या. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८३ मध्ये त्यांना कमोडोर हा हुद्दा दिला. त्या हुद्द्याचे नाव १९८५ मध्ये बदलले आणि पणजोबांप्रमाणे त्याही रिअर अ‍ॅडमिरल झाल्या.

व्याख्यानांना जाताना त्या सुमारे तीस सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे सोबत नेत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकते, हे त्या तुकड्यांवरून श्रोत्यांच्या चटकन ध्यानी येई. त्यांच्या कार्यालयातील भिंतीवरचे घड्याळ उलट्या दिशेने फिरत असे. पूर्वापार चालत आले म्हणून काही करीत राहणे त्यांना मान्य नव्हते, त्याची ती खूण होती.

सैन्यातील वयोमर्यादा निरर्थक नसते. रणभूमीवर आणि जहाजावर तरुण शरीराची गरज भासते. परंतु हॉपर यांच्याकडून नौदलाला हवे होते ते गणित, आणि त्यासाठी पस्तिशी किंवा साठी आड येण्याचे कारण नव्हते. नौदलाने नियम मात्र बदलला नाही, प्रत्येक वेळी अपवाद केला. हॉपर यांची योग्यता यंत्रासमोर सिद्ध झालेली असल्याने तो अपवाद त्यांच्या वाट्याला आला. त्याच वयाच्या ज्यांना उंबरठ्यावरूनच परतावे लागले, त्यांच्यापैकी किती जण काय करू शकले असते, याचा हिशेब कोणत्याही यंत्राकडे नाही.

निवृत्तीनंतरही त्या ‘डिजिटल इक्विपमेंट’ या कंपनीत सल्लागार म्हणून काम करीत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी इतमामात निरोप देण्यात आला. पाच वर्षांनी, १९९७ मध्ये, ‘हॉपर’ ही विनाशिका अमेरिकी नौदलात दाखल झाली. ज्यांना कधीही जहाजावर नेमले गेले नव्हते, त्यांचे नाव अशा रीतीने समुद्रावर पोहोचले.