विश्लेषण : क्ष-किरण वळले, की टक्कर झाली?
अमेरिकेच्या ओहायो राज्यात १८९२ मध्ये जन्मलेले आर्थर कॉम्प्टन सेंट लुईसमध्ये ग्राफाइटवर क्ष-किरण सोडत होते. विखुरलेल्या किरणांची तरंगलांबी वाढलेली दिसे. ही वाढ ठरे ती फक्त कोनावर : ९० अंशांत ०.०२४ अँगस्ट्रॉम, थेट मागे फिरल्यास दुप्पट. निव्वळ लाटांच्या सिद्धांतात हे बसेना. १९२३ मध्ये त्यांनी चक्क कॅरमसारखा हिशेब मांडला. किरणाचा कण इलेक्ट्रॉनवर आदळतो. जितका जास्त वळतो, तितका जास्त संवेग त्याला देतो. हार्वर्डच्या विल्यम ड्युएन यांच्या प्रयोगांत मात्र हा फरक सापडेना. वाद चांगलाच रंगला. १९२४ च्या अखेरीस ड्युएन यांच्याच प्रयोगशाळेत तो दिसला आणि त्यांनी मोकळेपणाने माघार घेतली. कॉम्प्टन यांना नोबेल मिळाले १९२७ मध्ये.