५७ किलोचा पैलवान

कोल्हापूर म्हटलं की अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा रस्सा आणि पैलवान! पैलवान म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो सहा फुटी, मोडलेल्या कानांचा, शड्डू ठोकणारा गडी. पण स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा पैलवान असा नव्हताच. खाशाबा जाधव अंगानं किरकोळ होते.

त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्ती घरातलीच. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते आपल्या कोल्हापुरात राजाराम कॉलेजला आले. वार्षिक स्पर्धेसाठी नाव द्यायला गेले, तर क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी बघूनच नकार दिला, असं सांगतात. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले. परवानगी मिळाली आणि त्यांनी आपल्यापेक्षा धिप्पाड गडी चितपट केले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले. तोवर सगळी कुस्ती लाल मातीतली, मॅटची सवयच नव्हती. तरी ५२ किलो गटात सहावे आले! चार वर्षांनी हेलसिंकीला मात्र ते ५७ किलो गटात उतरले. ५ किलो वाढलं म्हणून ताकद घटली नाही, उलट पदक आलं ते याच वजनात. या प्रवासाच्या खर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. असे प्राचार्य मिळायला नशीब लागतं!

जुलै १९५२. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. मग जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाली, ती हरले. नियमानुसार दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. त्यांच्या बाजूनं बोलायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेलं शरीर किती साथ देणार? ब्राँझ मिळालं. इतक्या वर्षांची मेहनत, गावानं गोळा केलेले पैसे, गहाण पडलेलं घर, आणि कमी पडली ती फक्त अर्ध्या तासाची विश्रांती! हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं.

गावी परतल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मग कुस्त्यांचे फड भरवून खर्डेकर सरांचं कर्ज फेडलं. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात गेले. २००० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये हे कशाला? तर आपल्या होस्टेलवर एक चक्कर मारून बघा. लेडीज होस्टेलमध्ये ट्रॅडिशनल डेच्या आधी आठवडाभर मेसमध्ये अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. भात बंद, चपाती अर्धी, रात्री फक्त काकडी! बॉईज होस्टेलमध्ये उलटी तऱ्हा. जेवण सोडून पावडरचे डबे, आणि सबमिशनसाठी रात्रभर जागून पहाटे जिम. दोन्हीकडे आरसाच गुरू झालाय.

कुस्तीत तर वजनाचा काटा चुकत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या फायनलला पोहोचली होती. आदल्या रात्री अन्नपाणी सोडून घाम गाळूनही १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. पण तो तिच्या खेळाचा नियम होता. आपल्याला कुणी काट्यावर उभं केलंय? कुणाच्या तरी एका कमेंटसाठी आपण नाश्ता सोडतो आणि एम-थ्रीच्या पेपरला चक्कर येऊन पडतो.

क्रीडाशिक्षकांनी खाशाबांचं शरीर नुसतं बघितलं आणि त्यांचा अंदाज चुकला. त्या शरीरात काय ताकद आहे, ते खाशाबांना माहीत होतं. मित्र-मैत्रिणींनो, भूक लागली की जेवा, झोप आली की झोपा. मेसची आमटी कितीही पातळ असली, तरी ताटावर बसा, एवढंच सांगावंसं वाटतं.