किंग टबी: बेसला जागा करून देणारा रेडिओ मेकॅनिक

मोबाईलवरच्या ॲपमध्ये बीट बनवली. हेडफोनवर बेस एकदम कडक वाटला. तीच फाईल मित्राच्या गाडीत लावली तर नुसता गडगडाट, आणि फोनच्या स्पीकरवर लावली तर बेस गायब! घरी संगीत बनवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव येतो. मग पहिला उपाय सुचतो तो बेसचा आवाज अजून वाढवायचा. चूक नेमकी तिथेच होते.

यातून बाहेर पडायचा रस्ता पन्नासेक वर्षांपूर्वी जमैकातल्या एका रेडिओ मेकॅनिकने दाखवून दिला होता. त्याचं नाव ऑस्बोर्न रडॉक. जग त्याला किंग टबी म्हणतं. तो स्टेजवर गाजलेला गायक नव्हता, नावाजलेला वादकही नव्हता. तरीही आज रिमिक्स, डबस्टेप, ड्रम अँड बेस हे जे काही आपण ऐकतो, त्यातलं बरंच काही त्याच्या छोट्याशा स्टुडिओपर्यंत जाऊन पोचतं.

हातात सोल्डरिंग गन

टबीचा जन्म २८ जानेवारी १९४१ चा, जमैकाची राजधानी किंग्स्टनमधला. पुढे त्याचं कुटुंब शहराच्या पश्चिमेकडच्या वॉटरहाउस या गरीब वस्तीत राहायला आलं. पोराला इलेक्ट्रॉनिक्सचं वेड. तरुण वयातच तो रेडिओ दुरुस्त करायला लागला, ॲम्प्लिफायर बनवायला लागला, ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल स्वतः गुंडाळायला लागला. काम अतिशय नीटनेटकं, वायर न् वायर जागच्या जागी. नाव टबी असलं तरी अंगाने तो सडपातळ होता. आईच्या माहेरच्या टबमन या आडनावावरून हे नाव पडलं, असं सांगतात.

त्या काळात किंग्स्टनमध्ये मेकॅनिकला काम भरपूर होतं. त्याचं कारण साउंड सिस्टिम. मोकळ्या आवारात कपाटाएवढे स्पीकर रचायचे, रेकॉर्ड लावायच्या आणि रात्रभर लोकांनी नाचायचं. आपल्याकडच्या मिरवणुकीतली डीजेची भिंत डोळ्यासमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. दोन साउंड सिस्टिममध्ये जबरदस्त चुरस असायची. ज्याचा आवाज भारी, गर्दी त्याच्याकडे. सामान सारखं बिघडायचं आणि दुरुस्तीला टबीकडे यायचं.

लवकरच त्याने स्वतःची साउंड सिस्टिम उभी केली. नाव ठेवलं होमटाउन हाय-फाय. माईकवर यू-रॉय नावाचा तरुण असायचा, जो पुढे स्वतःच मोठा स्टार झाला. टबीच्या सिस्टिमची ख्याती आवाजाच्या मोठेपणापेक्षा स्वच्छपणासाठी जास्त होती. बेस जाड, पण फाटका नाही. वर झांजांचा आवाज तसाच लख्ख. एको आणि रिव्हर्बसुद्धा तो थेट कार्यक्रमात वापरायचा.

गायक गायब, गर्दी खूश

१९६७-६८ च्या सुमाराची गोष्ट. रडी रेडवूड नावाच्या साउंड सिस्टिमवाल्यासाठी एका गाण्याची डिस्क कापताना गायकांचा ट्रॅक चुकून बंदच राहिला. डिस्कवर आलं फक्त संगीत. रडीने तीच डिस्क कार्यक्रमात लावली, तर लोकांनी शब्द स्वतः गायला सुरुवात केली. चुकीतून नवा प्रकार जन्माला आला. जमैकात त्याला ‘व्हर्जन’ म्हणू लागले.

टबी तेव्हा ड्यूक रीड या मोठ्या निर्मात्याकडे डिस्क कापायचं काम करत होता. हा प्रकार त्याच्या लगेच लक्षात आला. पण तो तिथेच थांबला नाही. गायकाला नुसतं बंद कशाला ठेवायचं? एक शब्द येऊ द्यावा, तो एकोमध्ये सोडून द्यावा आणि मग सगळं काढून घेऊन फक्त ड्रम आणि बेस ठेवावा. यातूनच ‘डब’ उभं राहिलं. वाद्य वाजवावं तसा तो मिक्सर वाजवायला लागला.

आईच्या घरातला स्टुडिओ

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्रोमिली ॲव्हेन्यूवरच्या घरात टबीने स्टुडिओ मांडला. जागा इतकी लहान की अख्खा बँड मावणं शक्यच नव्हतं. त्यामुळे वाद्यं दुसऱ्या स्टुडिओत रेकॉर्ड व्हायची, टेप टबीकडे यायची. तो करायचा मिक्सिंग. गायकांचा आवाज रेकॉर्ड करायला बाथरूमचं बूथ केलं होतं!

मिक्सर जुना होता. डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओला तो नकोसा झाला, तेव्हा निर्माता बनी ली याच्या मदतीने टबीने तो विकत घेतला. ट्रॅक फक्त चार. आज फोनवरचं फुकट ॲपसुद्धा यापेक्षा जास्त ट्रॅक देतं. पण टबीने त्या चार फेडरमधूनच कमाल केली. गिटार मध्येच गायब व्हायची, एक ठोका एकोमध्ये विरून जायचा. रिव्हर्बच्या स्प्रिंगच्या डब्याला धक्का मारला की ढगांचा गडगडाट व्हायचा. आणि या सगळ्याखाली बेस ठाम चालू.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टबीच्या डबमध्ये बेस मोठा वाटतो, कारण त्याच्या आजूबाजूला जागा मोकळी असते. गिटार, कीबोर्ड आणि गायक बाजूला झाले की तोच बेस, त्याच लेव्हलला, दुप्पट भरीव लागतो. आपण बेस वाढवत बसतो, टबी बाकीचं कमी करायचा.

एक खटका

त्या मिक्सरवर एक हाय-पास फिल्टर होता. हाय-पास म्हणजे ठरावीक पातळीच्या खालचा जाड आवाज अडवायचा आणि वरचा जाऊ द्यायचा. टबीच्या फिल्टरचं मोठं बटण ७० हर्ट्झपासून ७,५०० हर्ट्झपर्यंत खटक्या-खटक्याने फिरायचं. फिरवत वर नेलं की आधी बेस जायचा, मग गाण्याचा गाभा जायचा आणि शेवटी राहायचा झांजांचा नुसता चर्रचर्र आवाज. परत खाली आणलं की बेस धाडकन परत!

ओळखीचं वाटतंय ना? आजचे डीजे ड्रॉपच्या आधी फिल्टर फिरवतात तो हाच खेळ. टबीने तो हाताने, एका दमात, टेप चालू असताना केला. चुकलं तर अनडू नव्हतं.

स्पीकर खरं बोलतो का?

टबीकडे आपल्यापेक्षा एक मोठी सोय होती. स्टुडिओत कापलेली डिस्क थोड्याच वेळात त्याच्या स्वतःच्या साउंड सिस्टिमवर वाजू शकायची. त्या स्पीकरची आणि ॲम्प्लिफायरची नस न् नस त्याला माहीत, कारण ते त्याच्याच हातून तयार झालेले. छोट्या खोलीत कानाला जे लागतं, ते मैदानात कसं लागेल याचा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का होता. स्टुडिओचे स्पीकर कॅलिब्रेट करणं म्हणजे शेवटी हेच. स्पीकर आणि खोली मिळून आवाजात काय भर घालतात, काय खातात, हे ओळखायचं.

खोली बेसचा घोळ का करते? बेस गिटारचा सर्वांत खालचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. त्याची एक लाट आठ मीटरपेक्षा लांब. आपली खोली तीन-चार मीटरची. लाट भिंतीवर आपटून परत येते आणि नव्या लाटेत मिसळते. काही जागी दोन्ही मिळून बेस फुगतो, काही जागी एकमेकींना मारतात आणि बेस नाहीसा होतो. खुर्ची अर्धा मीटर सरकवा, तेच गाणं वेगळं लागेल. स्पीकर कोपऱ्यात ठेवला तर बेस उगाच वाढतो.

कानही फसवतो. हळू आवाजात आपल्याला बेस कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की जास्त. म्हणून रात्री हळू आवाजात मिक्स केलेला बेस सकाळी मोठ्याने लावल्यावर अंगावर येतो.

शिष्य, कॅसिओ आणि नवा स्टुडिओ

टबीच्या हाताखाली तयार झालेली मुलंही मोठी झाली. प्रिन्स जॅमी आणि सायंटिस्ट ही त्यातली दोन नावं. १९७६ मध्ये ऑगस्टस पाब्लोचा ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ हा अल्बम आला. मिक्सिंग करणाऱ्याचं नाव थेट शीर्षकात! तोवर इंजिनीअरचं नाव कोण वाचत होतं?

१९८५ मध्ये जॅमीने ‘स्लेंग टेंग’ रिदम आणला. कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर तो उभा होता. जमैकाचं संगीत एका झटक्यात डिजिटल झालं. जुन्या पिढीतला टबी मागे पडला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण त्याने त्याच सुमारास नवा, मोठा स्टुडिओ उभा केला आणि अँथनी रेड रोजच्या ‘टेम्पो’ या गाण्याने शिष्याला तोडीस तोड उत्तर दिलं.

मग ६ फेब्रुवारी १९८९ ची रात्र आली. स्टुडिओतलं काम संपवून टबी डुहेनी पार्क भागातल्या आपल्या घरी परतला आणि दारातच त्याच्यावर गोळी झाडली गेली. लुटीचा प्रकार असावा असं मानलं जातं. मारेकरी कधीच सापडला नाही. टबी तेव्हा ४८ वर्षांचा होता. डिजिटल स्टुडिओ नुकताच रंगात आला होता. पुढच्या संगणकाच्या जमान्यात त्या कानांनी काय केलं असतं, हा प्रश्न तसाच राहिला.

आज हे करून बघा

टबीच्या पद्धतीने आपली बीट तपासायला महागडं सामान लागत नाही.

१. बेस वाढवण्याआधी बाकीचे ट्रॅक एकेक करून बंद करा. कोणता ट्रॅक बंद केल्यावर बेस मोकळा होतो ते बघा. त्याच ट्रॅकला हाय-पास फिल्टर लावा.

२. ज्या गाण्याचा बेस तुम्हाला पाठ आहे असं एक गाणं निवडा. प्रत्येक वेळी मिक्सिंगआधी ते त्याच स्पीकरवर, त्याच आवाजात ऐका. हीच तुमची मोजपट्टी.

३. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर काढा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. आवाजाच्या बटणावर खूण करून ठेवा आणि शक्यतो तिथेच काम करा.

४. बेस मोनोत ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा. डावीकडचा आणि उजवीकडचा बेस वेगळा असेल, तर एकाच स्पीकरवर वाजताना तो एकमेकांना खाऊ शकतो.

५. फोनचा इवलासा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. पण त्याच सुराचे वरचे पडसाद, म्हणजे ८२, १२३, १६४ हर्ट्झ आणि त्याच्याही वरचे, ऐकू आले तर खालचा सूर मेंदू स्वतः भरून काढतो. म्हणून बेसवर थोडं डिस्टॉर्शन किंवा सॅच्युरेशन चढवलं की तो फोनवरही जाणवतो.

आणि मग टबीसारखंच करा. फाईल तयार झाली की ती खोलीबाहेर न्या. गाडीत, मित्राच्या घरी, ब्लूटूथ स्पीकरवर, जमेल तिथे वाजवा. प्रत्येक जागी काय बदललं ते लिहून ठेवा. चार-पाच गाण्यांनंतर तुमचा स्पीकर कुठे खोटं बोलतो, ते तुम्हाला आपोआप कळायला लागेल.