ओशोसीचे घर राखणारी मांय मेनिनीन्या

गोव्याहून लिस्बनला परतणारी पोर्तुगीज जहाजे वाटेत ब्राझीलच्या साल्वादोर बंदरात थांबत. याच बंदरात शतकानुशतके आफ्रिकेतून गुलाम उतरवले गेले. त्यांतील योरुबा लोकांनी सर्वस्व गमावले, तरी आपली दैवते मनात जपून आणली. त्यांची उपासना पुढे कांदोंब्ले या नावाने रूढ झाली. या परंपरेतील अत्यंत आदरणीय पुजारीण म्हणजे मांय मेनिनीन्या.

मारिया एस्कोलास्तिका दा कोन्सेइसांव नाझारे यांचा जन्म 10 फेब्रुवारी 1894 रोजी साल्वादोरमध्ये झाला. ब्राझीलमधील गुलामगिरी संपून तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती. मेनिनीन्या, म्हणजे छोटी मुलगी, हे त्यांचे बालपणीचे लाडके नाव. पुढे त्याआधी ‘मांय’, म्हणजे आई, हे मानाचे संबोधन लागले. त्यांच्या पणजीने 1849 मध्ये गान्तवा हे उपासनागृह स्थापन केले होते. तेथील प्रमुखपद घराण्यातील स्त्रियांकडेच चालत आले होते.

मेनिनीन्या यांची दीक्षा गोड्या पाण्याची देवी ओशुन हिची. गान्तवाचे अधिदैवत मात्र ओशोसी, धनुष्यबाण धारण करणारा शिकारी देव. केतू नगरीचा तो राजा मानला जातो. गुरुवार हा त्याचा वार. उकडलेल्या मक्याच्या दाण्यांवर ओल्या खोबऱ्याच्या कातळ्या रचून त्याला नैवेद्य दाखवतात. मध त्याला वर्ज्य आहे.

त्याची एक कथा सांगतात. इफे नगरीत सुरणासारख्या याम कंदाचा उत्सव चालू असताना एक अक्राळविक्राळ पक्षी राजवाड्याच्या छपरावर येऊन बसला. अनेक बाण बाळगणारे नामवंत शिकारी हरले. ओशोसीजवळ एकच बाण होता. त्याच्या आईने दैवज्ञाच्या सांगण्यावरून पक्षी पाठवणाऱ्या शक्तींना कोंबडीचा बळी अर्पण केला; त्या क्षणी मंत्रबळ ढिले पडले आणि मुलाचा बाण पक्ष्याच्या छातीत रुतला. नेम मुलाचा, पण तो सार्थ झाला आईच्या अर्पणाने. गान्तवातील स्त्रियांचे कार्यही याच जातीचे होते.

1922 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, मेनिनीन्या प्रमुखपदी आल्या. तो काळ कठीण होता. पोलीस उपासनागृहांवर छापे घालत, ढोल आणि पूजेची उपकरणे जप्त करीत. समारंभासाठी पोलिसांचा परवाना लागे. मेनिनीन्या यांनी संघर्षापेक्षा संवादाचा मार्ग धरला. शिवणकाम करून त्यांनी संसाराला हातभार लावला, दोन मुली वाढवल्या, आणि अधिकारी, लेखक, अभ्यासक अशा सर्वांना घराची दारे उघडी ठेवली. अंतरंगातील विधींचे गुह्य मात्र त्यांनी कोणापुढेही उघड केले नाही.

त्या चर्चमध्ये प्रार्थनेलाही जात. बाहियात ओशोसी आणि सेंट जॉर्ज यांना एकरूप मानतात. गान्तवात त्याचा उत्सव कॉर्पुस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाच्या दिवशी होतो. तो सण नेहमी गुरुवारीच येतो. छळाच्या काळात घेतलेला हा आडोसा कालांतराने श्रद्धेचाच भाग बनला.

1972 मध्ये त्यांच्या प्रमुखपदाला 50 वर्षे झाली. दोरिव्हाल कायम्मी यांनी त्यांच्यावर रचलेले गीत गाल कोस्ता आणि मारिया बेथानिया यांच्या स्वरांत देशभर पोहोचले. जिला एकेकाळी पोलिसांकडे परवानगी मागावी लागे, तिचे नाव आता घरोघरी आदराने घेतले जाऊ लागले. 1976 मध्ये बाहिया राज्याने परवान्याची अटही रद्द केली.

13 ऑगस्ट 1986 रोजी त्यांचे निधन झाले. तब्बल 64 वर्षे त्यांनी गान्तवाची धुरा वाहिली. पुढे मुलगी क्लेउझा आणि तिच्यामागून कार्मेन यांनी ती सांभाळली. 2002 मध्ये गान्तवाला राष्ट्रीय वारशाचे संरक्षण मिळाले. आफ्रिकेतील केतू नगरी 1886 मध्ये दाहोमेच्या सैन्याने उद्ध्वस्त केली. तिच्या राजाचा नैवेद्य मात्र समुद्रापार, या स्त्रियांच्या हातून, अखंड चालू राहिला.